उभ्या गाडीतली वीज जाते कुठे?

आमच्या शाळेच्या संस्थेकडे एक जुनी मोटारगाडी आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिका केंद्रावर पोचवणे, विज्ञान प्रदर्शनाचे साहित्य नेणे, कधी एखाद्या आजारी विद्यार्थ्याला दवाखान्यात नेणे, अशी सारी कामे ती करते. गेल्या वर्षी या गाडीला एक विचित्र खोड लागली. आठवडाभर ती बिनतक्रार चाले आणि सोमवारी सकाळी मात्र किल्ली फिरवली की नुसता 'टक्' असा आवाज येई. मग शिपाई, दोन-चार शिक्षक आणि दहावीची दणकट मुले मिळून धक्का मारत. बॅटरी जुनी झाली असेल म्हणून नवी बसवली. पाच महिन्यांत तिचीही तीच गत झाली. तेव्हा मात्र कार्यालयाने निष्कर्ष काढला, की चालक दिवे चालू ठेवून घरी जातो. दुसऱ्या बॅटरीची निम्मी किंमत त्याच्या पगारातून कापायचे ठरले आणि पहिला हप्ता कापलाही गेला.

चालकमामा आमच्याकडे आले ते त्यानंतर. "सर, दिवे मी स्वतः बंद करतो. दारं, काचा सगळं बघूनच घरी जातो. तुम्ही मुलांना विजेचं शिकवता, तुम्हीच बघा काय ते," असे म्हणून त्यांनी गाडीची नोंदवही आमच्या पुढ्यात ठेवली.

या लेखात आम्ही त्या शोधाची हकिकत सांगणार आहोत. त्यासाठी लागणारे सगळे विज्ञान आठवी ते दहावीच्या पाठ्यपुस्तकात आहे, म्हणजे ओहमचा नियम, एकसर आणि समांतर जोडणी, आणि विद्युतप्रभार म्हणजे धारा गुणिले काळ हे साधे सूत्र.

आधी बॅटरीची ओळख

मोटारीतील बॅटरी म्हणजे शिसे-आम्ल घटांची माळ. असा घट फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लांते यांनी १८५९ साली तयार केला. एका पट्टीवर स्पंजासारखे शिसे, दुसरीवर शिशाचे डायऑक्साइड आणि दोहोंमध्ये पातळ केलेले सल्फ्यूरिक आम्ल, अशी त्याची रचना असते. घटातून वीज घेतली, की दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमू लागते, आम्ल खर्ची पडते आणि पाणी तयार होते. उलट दिशेने धारा सोडली, की ही क्रिया उलटते आणि बॅटरी पुन्हा भरते. एका घटाचे विभवांतर सुमारे २.१ व्होल्ट असते. असे सहा घट एकसर जोडले, की सुमारे १२.६ व्होल्ट मिळतात. आपण तिला सोयीसाठी '१२ व्होल्टची बॅटरी' म्हणतो.

गाडीला बॅटरीची सर्वांत मोठी गरज भासते ती इंजिन सुरू करताना. पूर्वी पुढून हँडल मारून इंजिन सुरू करावे लागे. १९१२ साली अमेरिकेतील कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेवर चालणारा 'सेल्फ' बसवला गेला आणि हळूहळू हँडल इतिहासजमा झाले. ही सोय मोठी खरी, पण तेव्हापासून बॅटरी संपली की गाडीही बसली! लहान मोटारीचा सेल्फ फिरताना शंभर-दीडशे अँपिअर किंवा त्याहूनही अधिक धारा ओढतो. घरातल्या १०० वॅटच्या दिव्यात अर्धा अँपिअरही धारा नसते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अंदाज येईल. मात्र सेल्फ दोन-तीन सेकंदच फिरतो. इंजिन सुरू झाले, की त्याच्या पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर साधारण १४ व्होल्टने बॅटरी पुन्हा भरू लागतो.

बॅटरीवर तिची क्षमता अँपिअर-तासांत लिहिलेली असते. आमच्या बॅटरीवर ३५ अँपिअर-तास असे होते. एक अँपिअर-तास म्हणजे ३६०० कुलोम. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतून १.७५ अँपिअर धारा २० तास मिळू शकते, असा त्याचा अर्थ. पाण्याच्या टाकीशी तुलना केली, तर अँपिअर-तास म्हणजे टाकीत मावणारे पाणी आणि अँपिअर म्हणजे नळातून वाहणाऱ्या पाण्याचा वेग. सेल्फ म्हणजे दोन सेकंद उघडलेला मोठा दरवाजा. आपण ज्याच्या शोधात आहोत, तो मात्र रात्रंदिवस ठिबकणारा नळ आहे.

नोंदवही काय सांगते?

हत्यारे हातात घेण्याआधी आम्ही नोंदवही वाचली. चालकमामा रोज गाडी कधी सुटली, कधी परतली, किती किलोमीटर झाली हे लिहीत. ज्या दिवशी धक्का मारावा लागला, तेथे त्यांनी 'धक्का' एवढाच शब्द लिहिला होता. दुसरी बॅटरी बसवल्यापासून असे नऊ 'धक्के' होते. पहिले तीन जोडून आलेल्या सुट्ट्यांनंतरचे होते आणि पुढचे सहा साध्या सोमवारचे. मंगळवार ते शनिवार या दिवसांत एकही नव्हता.

आता आरोप तपासून पाहू. समजा, मामा रात्री पुढचे मोठे दिवे चालू ठेवून गेले. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट. वॅट भागिले व्होल्ट केले, की धारा मिळते: ११० भागिले १२, म्हणजे सुमारे ९ अँपिअर. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी चार तासांतच संपेल. मोठे दिवे नसून पुढचे-मागचे छोटे दिवे राहिले असे मानले, तर पाच वॅटचे पाच दिवे धरून २५ वॅट, म्हणजे सुमारे २ अँपिअर होतात. संध्याकाळी सहा ते सकाळी आठ या १४ तासांत २८ अँपिअर-तास जातील. म्हणजे कोणत्याही एका रात्रीच्या विसराळूपणाने गाडी दुसऱ्या दिवशी बंद पडायला हवी होती. पण ती मधल्या दिवसांत एकदाही बंद पडलेली नव्हती. विसरभोळ्या माणसाला वार कळत नाही. तो बुधवारीही विसरेल आणि शुक्रवारीही.

यावरून दोन गोष्टी दिसल्या. गळती लहान आहे आणि ती रोजच होत असावी. एका रात्रीत ती बॅटरी रिकामी करू शकत नाही, पण शनिवार दुपार ते सोमवार सकाळ या ४४ तासांत करू शकते. अर्थात हा अजून तर्क होता. कोणी म्हणेल, की मामा फक्त शनिवारी घाईत असतात! तेव्हा मोजमाप करणे भाग होते.

संशयित तीन

गाडी उभी असताना बॅटरी उतरते, याची कारणे तीनच असू शकतात. एक, बॅटरी स्वतःच खराब असेल व वीज साठवू शकत नसेल. दोन, अल्टरनेटर ती नीट भरत नसेल. तीन, गाडी बंद असताना कोणीतरी तिच्यातून वीज घेत असेल. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची, हा प्रयोगशाळेतला नियम येथेही उपयोगी पडतो.

पहिल्या संशयितासाठी आम्ही बॅटरी बाहेर चार्ज करून आणली. काही तास तशीच ठेवून मल्टिमीटरने विभवांतर मोजले, ते १२.६ व्होल्ट भरले. असे काही तास थांबणे आवश्यक असते. नुकत्याच भरलेल्या बॅटरीचे विभवांतर काही काळ फसवे, चढे दिसते. विश्रांतीनंतर १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी आणि १२ च्या खाली गेली म्हणजे जवळजवळ रिकामी, असे ढोबळ कोष्टक लक्षात ठेवावे. शनिवारी दुपारी आम्ही बॅटरी गाडीत बसवली, पण तिच्या ऋण टोकाची वायर जोडलीच नाही. सोमवारी सकाळी पुन्हा मोजले, तर विभवांतर तेवढेच होते. वायर जोडून किल्ली फिरवताच गाडी सुरू झाली. म्हणजे बॅटरी दोन दिवस वीज सांभाळू शकत होती. पहिला संशयित सुटला.

इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर १४.१ व्होल्ट मिळाले. अल्टरनेटर काम करत होता. दुसराही सुटला. उरला तिसरा.

आधी दिवा, मग मीटर

आता बॅटरी आणि गाडी यांच्यामध्ये धारामापी घालायचा होता. धारामापी नेहमी एकसर जोडावा लागतो, हे आपण वर्गात सांगतोच. येथे ते सोपे असते. मोटारीचा सगळा पत्रा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असतो आणि प्रत्येक दिव्यातून, यंत्रातून धारा त्या पत्र्यावाटे परत येते. म्हणून ऋण टोकाची वायर काढून त्या फटीत मीटर घातला, की गाडीत कोठेही जाणारी सगळी धारा मीटरमधून जाते.

परंतु आम्ही लगेच मीटर लावला नाही. समजा, गाडीत कोठे मोठा शॉर्ट असेल, तर मीटरचा फ्यूज उडेल किंवा मीटरच जळेल. म्हणून आधी त्या फटीत १२ व्होल्ट, ५ वॅटचा एक मोटारीचा दिवा जोडला. दिव्याचा फायदा असा, की गाडीत पूर्ण शॉर्ट असला तरी त्याला फार तर १२ व्होल्ट मिळतील आणि तो आपल्या नेहमीच्या तेजाने पेटेल. त्यापेक्षा जास्त धारा जाऊच शकत नाही. दिवा पूर्ण पेटला तर मोठी गळती आहे. मंद पेटला तर मध्यम. आणि मुळीच पेटला नाही, तर एक तर गळती नाही किंवा ती इतकी लहान आहे, की दिव्याची तार लाल होत नाही. तेव्हा मीटर लावायला हरकत नाही.

किल्ली काढली, सर्व दारे आणि डिकी बंद केली, फक्त बॉनेट उघडे ठेवले. दिवा मंद पेटला! गाडी 'बंद' होती, तरी वीज वाहत होती. मामांच्या चेहऱ्यावरचा ताण त्या क्षणी थोडा सैल झालेला आम्ही पाहिला.

मग दिवा काढून मीटर जोडला. पहिल्या क्षणी आकडा वर गेला आणि थोड्या वेळाने ०.४८ अँपिअरवर स्थिरावला. वायर जोडताना गाडीतील इलेक्ट्रॉनिक भाग जागे होतात, म्हणून सुरुवातीचा आकडा खरा मानू नये. आमची गाडी जुनी असल्याने काही मिनिटांत ती स्थिर झाली. अलीकडच्या गाड्यांत अनेक छोटे संगणक असतात आणि ते सगळे 'झोपी' जायला दहा मिनिटांपासून तासाभरापर्यंत वेळ लागू शकतो.

०.४८ अँपिअर हा आकडा किती मोठा? घड्याळ, रेडिओची स्मृती, कुलपाची यंत्रणा यांना गाडी बंद असतानाही थोडी वीज लागते. साधारणपणे २० ते ५० मिलिअँपिअर एवढी धारा नेहमीची समजतात. आमची गळती त्याच्या जवळपास दहापट होती. आता गणित करू.

आठवड्यातील एक रात्र: ०.४८ गुणिले १४, म्हणजे सुमारे ६.७ अँपिअर-तास.

शनिवार दुपार ते सोमवार सकाळ: ०.४८ गुणिले ४४, म्हणजे सुमारे २१ अँपिअर-तास.

त्याला जोडून आणखी एक सुट्टी: ०.४८ गुणिले ६८, म्हणजे सुमारे ३३ अँपिअर-तास.

नोंदवहीतील कोडे येथे सुटले. एका रात्रीत बॅटरीचा पाचवा हिस्सा जाई आणि दिवसाच्या फेऱ्यांत तो बराचसा भरून निघे. जोडसुट्टीत जवळजवळ सगळी बॅटरी रिकामी होई, म्हणून पहिले 'धक्के' जोडसुट्ट्यांनंतरचे. मग साधे सोमवार नंतर का बिघडू लागले? त्याचे उत्तर बॅटरीच्या पट्ट्यांवर आहे. मोटारीच्या बॅटरीतील पट्ट्या पातळ आणि अनेक असतात. क्षणभर मोठी धारा देण्यासाठी ती रचना असते. अशी बॅटरी पुनःपुन्हा तळापर्यंत उतरली आणि तशीच पडून राहिली, की पट्ट्यांवरील शिशाच्या सल्फेटचे स्फटिक मोठे व कठीण होतात आणि चार्ज करतानाही पुरते विरघळत नाहीत. बॅटरीची क्षमता कायमची घटते. नव्या बॅटरीतून २१ अँपिअर-तास गेले, तरी सेल्फपुरती वीज उरे. खंगलेल्या बॅटरीत ती उरेना. म्हणजे दोन्ही बॅटऱ्या गुन्हेगार नव्हत्या, त्या बळी होत्या. तिसरी बॅटरी आणली असती, तर तिचेही हेच झाले असते.

फ्यूज काढत जा, आकडा पाहत जा

गाडीतील उपकरणे समांतर जोडलेली असतात. घरातल्यासारखेच प्रत्येक शाखेला वेगळा फ्यूज असतो. समांतर जोडणीत एकूण धारा ही शाखांतील धारांची बेरीज असते. त्यामुळे एकेक फ्यूज काढला आणि एकूण धारा किती कमी झाली ते पाहिले, की त्या शाखेची धारा वजाबाकीने मिळते. आमच्यातील एक जण मीटर वाचत होता, दुसरा चिमट्याने फ्यूज काढून पुन्हा बसवत होता आणि नववीच्या दोन विद्यार्थिनी वहीत आकडे लिहीत होत्या.

सात फ्यूज झाले, आकडा जवळजवळ हलेना. आठवा फ्यूज काढला आणि ०.४८ चे एकदम ०.०६ झाले. फ्यूज-पेटीच्या झाकणावर त्या शाखेचे नाव होते, 'आतील दिवे'.

येथे थांबून पुन्हा गणित करण्यासारखे आहे. गेलेली धारा ०.४२ अँपिअर. तिला १२ ने गुणले, की सुमारे ५ वॅट येतात. ५ वॅट हा तर मोटारीतील छोट्या दिव्याचा ठरावीक आकडा! म्हणजे त्या शाखेवरचा एक दिवा पूर्ण तेजाने पेटलेला असला पाहिजे. छतावरचा दिवा तर समोर विझलेला दिसत होता. मग दुसरा कोणता? "डिकीत एक आहे," मामा म्हणाले, "पण झाकण उघडलं की लागतो, लावलं की विझतो." विझतो हे कोणी पाहिले होते? बंद डिकीत डोकावून कोण पाहणार!

फ्रिजचे दार लावल्यावर आतला दिवा खरोखर विझतो का, हा प्रश्न लहान मुले विचारतात. तोच येथे आमच्यापुढे होता. फ्यूज परत बसवला, अर्धा तास डिकी बंद ठेवली. मग उघडताक्षणी दिव्याच्या प्लॅस्टिक झाकणाला हात लावला, तर ते चांगलेच गरम होते. आत्ताच पेटलेला दिवा असा गरम कसा असेल? खात्रीसाठी मोबाइलवर चित्रीकरण चालू करून तो डिकीत ठेवला आणि झाकण लावले. चित्रफितीत डिकी बंद झाल्यावरही लख्ख उजेड होता.

दिव्याचा स्विच म्हणजे डिकीच्या कडेला असलेली एक स्प्रिंगची खुंटी. झाकण लागले, की झाकणावरचा रबरी तुकडा ती खुंटी दाबतो आणि मंडल खंडित होते. आमच्या गाडीतला तो रबरी तुकडा झिजून पडून गेला होता. झाकण नीट लागत होते, कुलूपही बसत होते. पण खुंटी दाबली जात नव्हती. बोटाच्या पेराएवढ्या त्या रबरापायी दोन बॅटऱ्या गेल्या आणि एका माणसाच्या प्रामाणिकपणावर शंका घेतली गेली. नवा तुकडा बसवायला पाच मिनिटे लागली.

काम येथेच संपले का?

नाही. अजून ०.०६, म्हणजे ६० मिलिअँपिअर उरले होते. हे नेहमीच्या मर्यादेपेक्षा थोडे जास्त होते. उरलेली तपासणी केली, तेव्हा त्यातले ३५ मिलिअँपिअर गाडीचा ठावठिकाणा कळवणाऱ्या यंत्राचे निघाले. ते नंतर बसवलेले असून थेट बॅटरीला जोडलेले होते. ते बिघडलेले नव्हते, आपले काम करत होते. पण हिशेब पाहा. ६० मिलिअँपिअरने दिवसाला १.४४ अँपिअर-तास जातात. शनिवार-रविवारी २.६ अँपिअर-तास गेले तर बिघडत नाही. परंतु दिवाळीच्या सुट्टीत २१ दिवस गाडी उभी राहिली, तर ३० अँपिअर-तास जातील. म्हणजे सगळे ठीक असूनही गाडी सुरू होणार नाही! म्हणून मोठ्या सुट्टीत ऋण टोकाची वायर काढून ठेवायची, असा नियम आम्ही करून घेतला. घड्याळ पुन्हा लावावे लागते, एवढीच अडचण.

चोर फ्यूजपलीकडे असेल तर

आमचे नशीब, की गळती फ्यूजच्या शाखेवर सापडली. सगळे फ्यूज काढूनही धारा कायम राहिली, तर जे भाग जाड वायरने थेट बॅटरीला जोडलेले असतात, त्यांच्याकडे पाहावे. त्यात अल्टरनेटर मुख्य. तो प्रत्यावर्ती वीज निर्माण करतो आणि त्यातील डायोड तिचे एकदिश विजेत रूपांतर करतात. डायोड म्हणजे विजेची एकेरी वाट. एखादा डायोड बिघडला, की गाडी बंद असताना बॅटरीतील वीज उलट अल्टरनेटरमध्ये वाहू लागते. अशा वेळी बॅटरीची ऋण वायर काढून, मग अल्टरनेटरची जाड वायर सोडवून, पुन्हा मोजावे. दुसरा संशयित रिले. त्याचे स्पर्शबिंदू ठिणग्यांनी एकमेकांना चिकटले, की स्विच बंद केला तरी मंडल चालूच राहते. तिसरा, रस्त्यावरच्या दुकानात बसवून घेतलेला टेप, अलार्म किंवा चार्जर. त्याची वायर किल्लीवर चालणाऱ्या मंडलाऐवजी थेट बॅटरीला जोडलेली असते.

कधी गळती गाडीत नसून बॅटरीच्या डोक्यावरच असते. आम्लाचा ओलावा आणि धूळ यांचा थर दोन टोकांना जोडतो आणि त्यातून धारा वाहते. व्होल्टमीटरची एक टोकळी ऋण टोकाला आणि दुसरी बॅटरीच्या प्लॅस्टिकवर टेकवली असता एखादा-दुसरा व्होल्ट दिसला, तर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात फडके भिजवून तो पृष्ठभाग पुसावा. बूच असल्यास घट्ट बंद असू द्यावे. सोडा आत जाता कामा नये.

नव्या गाड्यांत फ्यूज काढला-घातला, की झोपलेले संगणक जागे होतात आणि सगळी मोजणी बिघडते. तेथे एक सुंदर युक्ती वापरतात. फ्यूज न काढता त्याच्या पाठीवरच्या दोन उघड्या बिंदूंवर मिलिव्होल्ट मोजायचे. १० अँपिअरच्या फ्यूजचा रोध सुमारे ७ ते ८ मिलिओहम असतो. त्यातून ०.४२ अँपिअर धारा जात असेल, तर ओहमच्या नियमाने सुमारे ३ मिलिव्होल्ट दिसतील. धारा नसेल तर शून्य. फ्यूज हाच आपला धारामापी होतो.

सावधगिरी

हा प्रयोग विद्यार्थ्यांनी जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करावा. वायर काढताना नेहमी ऋण टोकाची आधी काढावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी. ऋण टोक जोडलेले असताना धन टोकाचा पाना चुकून पत्र्याला लागला, तर शेकडो अँपिअरचा शॉर्ट होतो. हातातले घड्याळ, अंगठी, बांगड्या काढून ठेवाव्यात. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो, म्हणून जवळ काडी किंवा विडी पेटवू नये. मीटरची लाल वायर '१० अँपिअर' लिहिलेल्या भोकात घालावी. मीटर मंडलात असताना किल्ली कधीही फिरवू नये. सेल्फची धारा त्याला जाळून टाकील. आणि धारामापी बॅटरीच्या दोन टोकांवर थेट कधीच लावू नये.

वर्गातली गाडी

गाडी नसली, तरी हा शोध वर्गात घेता येतो. एका पुठ्ठ्यावर चार पेन्सिल सेल एकसर जोडून ६ व्होल्टची 'बॅटरी' करा. तिच्यावर तीन समांतर शाखा काढा आणि प्रत्येक शाखेच्या सुरुवातीला 'फ्यूज' म्हणून एक यू-पिन लावा. पहिल्या शाखेत ४७० ओहमच्या रोधासह एक एलईडी, हे झाले घड्याळ. दुसऱ्या शाखेत ६ व्होल्टचा छोटा दिवा आणि घंटीचे बटण. तिसऱ्या शाखेत बझर आणि स्विच. आणि पुठ्ठ्याच्या मागे, मुलांना न दिसेल असा, त्या शाखेच्या पिनेपासून ऋण टोकापर्यंत २२० ओहमचा रोध. सगळे स्विच बंद असताना मीटर सुमारे ३६ मिलिअँपिअर दाखवील. पिना एकेक काढून पुन्हा लावल्या, की मुलांना कळेल, की यातले ९ एलईडीचे रास्त आहेत आणि २७ चोराचे. सेलची क्षमता ७२० मिलिअँपिअर-तास मानली, तर ते २० तासांत संपतील. चोर पकडल्यावर ८० तास टिकतील. वेगवेगळ्या गटांच्या पुठ्ठ्यांत चोर वेगळ्या शाखेत ठेवावा, म्हणजे उत्तर पाठ होणार नाही!

विद्यार्थ्यांना पुढील प्रश्न विचारता येतील. छतावरचा १० वॅटचा दिवा राहिला, तर ४५ अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी व्हायला किती तास लागतील? (उत्तर: सुमारे २७.) आमच्या प्रयोगात ५ वॅटचा परीक्षक दिवा ५ वॅटच्या डिकीतल्या दिव्याशी एकसर आला. मग धारा निम्मी व्हायला हवी, प्रत्यक्षात ती निम्म्याहून जास्त का असते? (कमी तापलेल्या तारेचा रोध कमी असतो.)

आमच्या आकड्यांचा कागद आम्ही नोंदवहीसह मुख्याध्यापकांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, डिकीतली चित्रफीत पाहिली आणि कापलेला हप्ता परत करण्याची टिपणी त्याच दिवशी लिहिली. मामांना ती दाखवली, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "आता वहीत 'धक्का' लिहायला नको." त्यानंतरच्या दिवाळीच्या सुट्टीत ऋण टोकाची वायर काढून ठेवली होती. शाळा उघडली त्या सोमवारी वायर जोडून किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. नोंदवहीच्या त्या रकान्यात फक्त वेळ लिहिली आहे: सकाळी ८ वाजून ५ मिनिटे.